सल्लागार मॅडमचं हसू

पुरस्काराचा फोन आला तेव्हा बबिता खिल्लारे खड्ड्यात उभी होती. खड्डा म्हणजे खराच खड्डा, विद्यापीठाच्या ज्वारीच्या प्लॉटात खणलेला, कमरेएवढा खोल. मृदाशास्त्र शिकवणाऱ्याला जमिनीचे थर दाखवायला त्यात उतरावंच लागतं. "आज तरी तुम्ही माझ्यापेक्षा उंच झालात," असं ती वर उभ्या असलेल्या पोरांना म्हणायची आणि पोरांच्या आधी स्वतःच हसत सुटायची.

"डॉ. खिल्लारे का? अभिनंदन," फोनमधून कुलगुरूंचा भारदस्त आवाज आला. "यंदापासून आपण उत्कृष्ट विद्यार्थी सल्लागार असा पुरस्कार सुरू करतोय. समितीनं पहिल्या वर्षी तुमची निवड केली आहे."

बबिता मनात म्हणाली, योगीराज, तुला सोडत नाही आता.

योगीराज हा शेजारच्या विभागातला प्राध्यापक. माणूस जिवाचा, पण नकला करण्यात पटाईत. मागच्याच महिन्यात त्यानं कुलगुरूंच्या आवाजात फोन करून तिला भर उन्हात फाटकाशी उभं केलं होतं, कुठलंसं दिल्लीचं पथक येतंय म्हणून. हातात गुलाबाची फुलं घेऊन ती उभी राहिली आणि पथकाऐवजी म्हशींचा कळप आला.

"होय का?" ती म्हणाली. "लय खुशी झाली सर. पण मी काय अशी साधीसुधी येणार नाही. हत्ती पाठवा. पुढं हलगी पाहिजे, वाटेत फुलं पाहिजेत."

पलीकडं पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"हत्ती," आवाज म्हणाला.

"हां. आणि माहूत म्हणून तुम्हीच बसा सर. तुम्हाला शोभून दिसेल."

वरची पोरं तोंडावर हात ठेवून खिदळत होती. बबितानं मान वर केली, आणि तेवढ्यात बांधावरून योगीराज मोटारसायकलवर आला. दोन्ही हात हँडलवर, तोंडात पेरू. "काय मॅडम, खड्ड्यातून कोणाला फोन?" असं तोंडातल्या पेरूसकट विचारून तो पुढं गेलासुद्धा.

बबिता आधीच खड्ड्यात होती, त्यामुळं आणखी खाली जायला जागा नव्हती.

"सर..." ती म्हणाली.

"माहुताचं बघतो मी," कुलगुरू म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर तिला जे हसू सुटलं ते पोरांनी दोन्ही हात धरून तिला वर ओढून काढलं तरी थांबेना. घाबरली की हसायचं, हा तिचा लहानपणापासूनचा स्वभाव. पालमजवळच्या तिच्या गावी शाळेत साहेब तपासणीला आले की सगळी पोरं चिडीचूप बसायची आणि बबिता फिस्सकन हसायची. आई सगुणाबाई तिला बजावून बजावून थकली होती. "बबे, तुला नोकरी लागंल त्या दिशी तुझं हसू कपाटात ठिव आन् कुलूप लाव," असं ती म्हणायची. नोकरी लागली, डॉक्टरेट झाली, धम्मदीपसारखा शांत नवरा मिळाला, पण कुलूप काही मिळालं नाही.

विद्यापीठात प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला काही विद्यार्थी येतात. त्यांचा तो सल्लागार. सत्राच्या सुरुवातीला पोरांनी कोणते विषय घ्यायचे ते बघायचं आणि सही करायची, एवढं काम कागदावर. बबितानंही सुरुवातीला तेवढंच केलं असतं. पण एक तर तिला सही करता करता बोलायची सवय, आणि दुसरं म्हणजे तिच्या हसण्यामुळं पोरं घाबरायचीच विसरून जायची. आलेलं पोर सहीला म्हणून यायचं आणि खुर्ची ओढून बसायचं. चारठाण्याचा आदिनाथ असाच आला होता. सगळ्या विषयांत गटांगळ्या खाऊन, घरी जायचं ठरवून, निरोप घ्यायला. "सत्र वाया गेलं मॅडम," असं म्हणून तो मान खाली घालून बसला. "सत्र गेलं, तू कुठं गेलास? तू तर इथंच बसलास की," ती म्हणाली. तो खुदकन हसला, मग रडला, आणि मग दोघांनी मिळून पुढच्या सत्राला थोडे कमी विषय लावून घेतले. आता तो बँकेत शेती अधिकारी आहे आणि सुट्टीत चारठाण्याच्या जुन्या देवळांतल्या खांबांचे फोटो तिला पाठवत असतो.

पण बबिता मॅडमचं नाव सगळ्या वसतिगृहात झालं ते भक्तीमुळं.

भक्ती मानवतची. वडील आबासाहेब, मोंढ्यातले, म्हणजे शेतमालाच्या बाजारातले, मोठे आडते. कापूस, सोयाबीन, तूर, सगळा व्यवहार त्यांच्या गादीवरून चाले. पोरगी दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी ठरवून टाकलं की बस झालं हे शेतीचं शिक्षण, आता पुण्याला पाठवायची, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. पोरगी तहसीलदार झाली पाहिजे. पोरीला त्यांनी हे सांगितलं, विचारलं नाही.

भक्ती सल्लागाराच्या खोलीत आली ती एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन.

"मॅडम, मी कॉलेज सोडायलेय. सही पाहिजे."

"देते. पण आधी एक सांग. तुला काय करायला आवडतं?"

हा प्रश्न भक्तीला बहुतेक कोणी विचारलाच नव्हता. तिनं खोक्याचं झाकण उघडलं. आत तुतीचा हिरवागार पाला आणि पाल्यावर करंगळीएवढ्या पांढऱ्या, गुबगुबीत, वळवळणाऱ्या रेशमाच्या अळ्या.

पुढच्या क्षणी बबिता खुर्चीवर उभी होती. जमिनीच्या पोटातलं काहीही ती हातानं उकरून काढायची, पण अळी म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. "झाकण! भक्ती, झाकण लाव!" ती ओरडली आणि लगेच हसायला लागली. भक्ती आधी गोरीमोरी झाली, मग तिलाही हसू फुटलं. झाकण लागलं, पण बबिता खुर्चीवरून उतरायला तयार होईना. म्हणून तिनं वरूनच विचारायला सुरुवात केली. ह्या खातात काय? किती वेळा? उन्हाळ्यात कशा जगवशील? तुतीला पाणी किती? भक्ती खालून एकेक उत्तर देत होती, आणि देता देता तिचा चेहरा असा खुलला की तिला थांबवणं अवघड झालं.

"हे सगळं वडिलांना सांगितलंस?"

"न्हाई मॅडम. त्यांच्यासमोर माझं तोंडच उघडत न्हाई. भ्या वाटतं."

बबितानं खोक्याकडं पाहिलं. मग तिला ती भन्नाट कल्पना सुचली, जिची आठवण काढून पोरं अजूनही खूश होतात. "असं करू," ती म्हणाली. "मला अळ्यांची भीती, तुला वडिलांची. तू माझी घालव, मी तुझी घालवते."

मग रोज तास संपले की त्या खोलीत तालमी सुरू झाल्या. बबिता डोक्याला ओढणी गुंडाळून आबासाहेब व्हायची. टेबलावर हात आपटून म्हणायची, "कापसानं घर चाललं आपलं, आन् तू किडं पाळतीस?" भक्ती आधी पुटपुटायची, मग बोलायची, मग भांडायलाच लागायची. भक्तीचं बोलणं झालं की मॅडमची पाळी. डोळे मिटून, दात आवळून, एक बोट पुढं. बोटाचा तळहात व्हायला बरेच दिवस गेले. दाराबाहेर गर्दी जमायची. योगीराज तर रोज चहा घेऊन यायचा, जणू नाटकाचं तिकीट काढलंय.

शेवटी एका रविवारी दोघी एसटीनं मानवतला निघाल्या, मांडीवर खोकं घेऊन. बसमधल्या एका बाईनं विचारलं, "पेढे हायेत का गं?" बबिताला हसू आवरेना. तिला काही बोलताच येईना, तेव्हा भक्तीनंच झाकण उघडून दाखवलं. त्यांच्या बाजूचं बाक मानवत येईपर्यंत मोकळं राहिलं.

आबासाहेबांनी स्वागत चांगलं केलं. पार्वतीबाईंनी, म्हणजे भक्तीच्या आईनं, ठेवणीतले कप काढले. पण आबासाहेब पांढऱ्या गादीवर तक्क्याला टेकून बसले, त्यांनी भुवया वर केल्या, आणि भक्तीची सगळी तालीम वाऱ्यावर गेली. ती पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली.

आता काय करावं? बबिता उठली. तिनं खोकं उघडलं, डोळे गच्च मिटले आणि एक जाडजूड अळी उचलून तळहातावर ठेवली. अळी तळहातावरून मनगटाकडं निघाली. "आयाई गं!" बबिता किंचाळली, पण हात काही झटकला नाही. "आबासाहेब, बघा... ही बघा... हिला... अगं बाई, ही चढायलीय वर... हिला तुमच्या पोरीनं वाढवलंय..." आणि तिला हसू सुटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पायाच्या धक्क्यानं गादीवर ठेवलेल्या तिच्या कपातला चहा सांडत होता. आबासाहेब आधी तक्क्यावरून सरळ झाले, मग पुढं वाकले, मग त्यांची मिशी हलायला लागली. पार्वतीबाई तर पदर तोंडात कोंबून आतच पळाल्या.

"अवो मॅडम, एवढं भ्या वाटतं तर कामून धरलीत हातात?" आबासाहेब हसता हसता म्हणाले.

"ह्या पोरीला माझ्यापेक्षा जास्त वाटतं म्हणून."

"कशाचं?"

"तुमचं!"

आबासाहेबांचं हसू थांबलं. त्यांनी पोरीकडं पाहिलं. आणि मग भक्ती बोलली. तालमीतलं एकही वाक्य तिनं वापरलं नाही. तुतीपासून सुरू झाली ती कोष, कोषापासून धागा, धाग्यापासून बाजार, कुठं थांबेचना. मॅडमच्या मनगटावरची अळी तिनं बोलता बोलताच उचलून खोक्यात ठेवली. आबासाहेब मधेच म्हणाले, "आन् अळ्या मेल्या तर?" भक्ती म्हणाली, "कापसावर बोंडअळी पडती तवा तुमी मोंढा बंद करता का, बाबा?" आतून पार्वतीबाईंचा आवाज आला, "बरं झालं, कोणीतरी इचारलं!"

रात्री बबितानं फोनवर आईला सगळं सांगितलं तेव्हा सगुणाबाईंनी आधी वेगळंच विचारलं. "मोठ्या घरी गेली व्हतीस मनं. च्या कोणत्या कपात दिला?" त्यांच्या पिढीनं बाहेर वळचणीला ठेवलेले वेगळे कप पाहिले होते. बबिता म्हणाली, "सोनेरी काठाच्या कपात, आई. सगळ्यांना सारखाच. आणि मी अर्धा त्यांच्या पांढऱ्या गादीवर सांडला." त्यावर सगुणाबाई जे हसल्या, ते ऐकून धम्मदीप म्हणाला, "हां, हे कुठून आलंय ते कळलं आज."

भक्तीनं पदवी पूर्ण केली. आता मानवतच्या शिवारात तिचं रेशमाचं शेड आहे. आजूबाजूच्या बाया तिच्याकडं कामाला येतात, शिकून आपापल्या शेतात तुती लावतात, आणि आबासाहेब आडतीवर कमी आणि शेडात जास्त बसतात. अळ्या पाला खाताना पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, तो ऐकत त्यांना झोप लागते म्हणे.

तर अशा सगळ्या जुन्या-नव्या विद्यार्थ्यांनी मिळून बबिताचं नाव सुचवलं होतं. समितीनं काहीजणांना बोलावून विचारपूस केली होती. कोणी तिला पत्ता लागू दिला नव्हता. म्हणूनच तो हत्तीचा घोटाळा.

समारंभाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सगुणाबाई, निळ्या काठाची नवी साडी नेसून, ताठ बसलेल्या. शेजारी धम्मदीप, तिसऱ्या खुर्चीवर योगीराज. बबिता मंचावर मान खाली घालून बसली होती आणि मनातल्या मनात स्वतःला बजावत होती, हसायचं नाही, काहीही झालं तरी हसायचं नाही. सगळं नीट चाललं होतं. कुलगुरू भाषणाला उठले. विद्यार्थ्याला मार्ग दाखवणं म्हणजे काय, त्यावर गंभीर बोलले. मग त्याच गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "डॉ. खिल्लारे यांच्यासाठी हत्तीची व्यवस्था करण्याचा आम्ही प्रयत्न केला. हत्ती मिळाला नाही. माहूत मात्र हजर आहे." आणि त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

सभागृहाला काही कळलं नाही. पण मागच्या बाजूला ज्वारीच्या प्लॉटातली पोरं बसली होती, त्यांनी एकदम हलकल्लोळ केला. बबिताचा बांध फुटला. तिला माईकशी नेलं. "आदरणीय..." ती म्हणाली आणि हसली. ती ग्लासभर पाणी प्यायली. "आदरणीय मा..." आणि पुन्हा. समोरच्या रांगा हसू लागल्या, मग मधल्या, मग बाल्कनी. सूत्रसंचालन करणारी मुलगी कागद तोंडावर धरून हलत होती. सगुणाबाई खुर्चीवरून उठून ओरडल्या, "बबे! लोकं बघायलेत! तोंड धून ये जाय!" त्यावर तर कुलगुरूंनीही चष्मा काढून डोळे पुसले.

या गोंधळात आबासाहेब मंचाच्या पायऱ्या चढून वर आले. कार्यक्रमात त्यांचं नाव नव्हतं. पांढराशुभ्र फेटा, हातात रेशमाच्या कोषांचा हार. त्यांच्या मागं भक्ती, "बाबा, थांबा की," करत.

"जित्ते आहेत का?" बबितानं हार बघून मागं सरत विचारलं. माईक चालूच होता.

"न्हाई मॅडम. तुमच्यासाठी खास वाफवून आणलेत."

हार गळ्यात पडला आणि आबासाहेबांनी माईक हातात घेतला. "एक मिनिट बोलतो, मंडळी. सल्ला द्यायचं म्हणाल तर आमच्या मोंढ्यात दर माणूस सल्लागार हाय. मीबी व्हतो. ह्या मॅडमनी माझ्या पोरीला सल्ला दिलाच न्हाई. पोरीला बोलायला लावलं आन् मला ऐकायला लावलं. पैलं काम सोपं व्हतं. दुसरं लय अवघड, हे माझ्या बायकोला इचारा." पार्वतीबाईंनी बसल्या जागेवरून हात वर करून साक्ष दिली.

टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांत बबिताचं हसू कधी शांत झालं ते तिलाही कळलं नाही. ती माईकशी आली आणि साध्या आवाजात म्हणाली, "मला मुलांना सांगण्यासारखं फार काही येत नाही. मला त्यांचं ऐकताना मजा येते. एवढ्या मजेबद्दल कोणी पुरस्कार देईल असं वाटलं नव्हतं." मग ती खाली उतरली, गळ्यातला हार काढून आईच्या गळ्यात घातला, आणि सगुणाबाईंनी तो दिवसभर काढला नाही.

वर्तमानपत्रात बातमी आली, "बबिता खिल्लारे ठरल्या उत्कृष्ट सल्लागार". गावानं ती शब्दशः घेतली.

पुढच्या रविवारी सत्काराला म्हणून ती गावी गेली, तर विहारासमोरच्या लिंबाच्या पारावर एक खुर्ची मांडलेली आणि माणसं बसलेली. सगुणाबाई गळ्यात तोच कोषांचा हार घालून व्यवस्था बघत होत्या. "एकेकानं या. गर्दी करू नगा. पोरगी दमून आलीया."

"आई, हे काय?"

"तुला इनाम भेटलं न्हवं सल्ल्याचं? मग दे की."

लिंबाजी काकांना विचारायचं होतं, म्हैस काळी घ्यावी का भुरी. एका सुनेला विचारायचं होतं, सासूच्या टीव्हीचा आवाज कमी कसा करावा, आणि तिच्यामागं तीच सासू बसली होती, सुनेचा मोबाईल कसा बंद करावा ते विचारायला. बबितानं दोघींना समोरासमोर बसवलं आणि दोघी बोलता बोलता एकमेकींच्या मांडीवर थापा मारून हसायला लागल्या. लिंबाजी काकांना ती म्हणाली, "काका, तुम्ही कोणती बघून आलात?" काका लाजून म्हणाले, "भुरी. लय देखणी हाय." "मग मला कामून विचारता?" सगळा पार हसला.

सगळ्यात शेवटी रुख्मिणी मावशी उठली. सगुणाबाईंची धाकटी बहीण, साठीची, आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेली, अंगानं काडी. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "बबे, माझं वय झालं का गं?"

"कशासाठी, मावशी?"

मावशीनं बोट दाखवलं. विहाराच्या भिंतीला अर्पिताची लाल स्कूटी लावलेली होती. अर्पिता गावची आशाताई, घरोघरी औषधं पोचवणारी, रोज त्या स्कूटीवरून वाऱ्यासारखी जायची. "ती चालवायचीय मला. रोज बघती मी तिला. कोणाला सांगितलं तर हसतील मनून गप होते."

सगळे हसलेच. पण बबिता हसली नाही. तिनं गंभीरपणे विचारलं, "कुठं जायचंय तुला?"

"कुठंबी न्हाई. निस्तं जायचंय."

बबितानं अर्पिताकडं पाहिलं. अर्पितानं किल्ली फेकली. सगुणाबाई "अगं ये बबे, हाडं मोडतील तिची!" म्हणत धावल्या, पण तोवर मावशीनं लुगड्याचा काष्टा आवळून, अर्पिताचं हेल्मेट डोक्यात घालून पुढची जागा पकडली होती आणि बबिता मागं बसून तिच्या हातांवर हात ठेवून सांगत होती, हा ब्रेक, ही रेस, हळूच पीळ, हळूच...

मावशीनं हळू पिळली नाही.

स्कूटी उडी मारून निघाली. कोंबड्या कलकलत बाजूला झाल्या, लिंबाजी काकांनी खुर्चीमागं आसरा घेतला, कडब्याच्या गंजीला वळसा पडला. मागं अर्पिता, तिच्यामागं सासू-सून आणि सगळ्यात मागं सगुणाबाई, गळ्यात कोषांचा हार उडत, "ब्रेक! ब्रेक दाब गं!" असं ओरडत पळत होत्या. मावशी ब्रेक कुठाय ते विसरली होती. तिचं हेल्मेट एका बाजूला कललं होतं आणि ती पालमच्या रस्त्याकडं बघून मोठमोठ्यानं हसत होती. बबिता तिच्या कमरेला घट्ट धरून, डोळे मिटून, तिच्याहून मोठ्यानं.